केकच्या माणसाची मान

हे मंगळवारी गेले. दफन शनिवारी ठरलं, आणि नेमका त्याच दिवशी आमच्या नातीचा, टिल्डेचा, आठवा वाढदिवस. माझ्या लेकीनं, बिरगिटनं, तो परस्पर पुढच्या महिन्यावर ढकलला. टिल्डेनं नुसती मान डोलावली. तेव्हापासून ती रडली नाही की तिनं कसला हट्ट केला नाही. पाहुणे म्हणायचे, किती समजूतदार पोर. मला त्यांचा राग यायचा. आठव्या वर्षी समजूतदार व्हायची एवढी काय घाई?

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दर वाढदिवसाला हे सकाळी अंगणातल्या काठीवर तिच्यासाठी देशाचा झेंडा चढवायचे. शनिवारी तो ह्यांच्याच दुखवट्यासाठी अर्ध्यावर होता. टिल्डे खिडकीतून बघत होती.

"आजी, माझा वाढदिवस पण अर्धाच का?"

मी सांगितलं, दफन आटोपलं की झेंडा टोकापर्यंत न्यायचा असतो, तशी रीतच आहे, आणि या वेळी दोरी तू ओढायचीस. मग लेकीला न विचारता ओळखीच्या बेकरीवाल्याला फोन लावला.

चर्चमधून परतल्यावर टिल्डेनं दोरी ओढली आणि झेंडा टोकाला गेला. आत टेबलावर केकचा माणूस, म्हणजे माणसाच्या आकाराचा केक, पहुडला होता, पोटावर गोड गोळ्यांची बटणं लावून. वाढदिवसाच्या मुलानं त्याची मान कापायची आणि सगळ्यांनी त्याच्या वतीनं किंचाळायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. ह्यांचा आवाज तर असा, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं.

"आई, आज? लोक काय म्हणतील?" बिरगिट कुजबुजली.

"काही नाही म्हणणार. केक खातील."

टिल्डेनं सुरी टेकवली. काळ्या कपड्यांतले सगळे भोवती जमलेले. पाद्रीणबाई आपल्या कपात बघत बसलेल्या. पोरीचा हात थबकला.

"आजोबा नाहीत. आता कोण ओरडणार?"

"तू काप तर खरी," मी म्हटलं.

तिनं कापलं, आणि मी ओरडले. चार दिवस आत साठलेलं सगळं ओरडले. माझ्यामागून बिरगिट, पाद्रीणबाई, झाडून सगळे. टिल्डेसुद्धा. आम्ही थांबलो तरी ती थांबेना, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. माझ्या कुशीत तोंड खुपसून ती पोटभर रडली. मीही रडले. कुणी आम्हाला गप्प केलं नाही.

मग नाक पुसत ती म्हणाली, "आजोबा याच्याहून मोठ्यानं ओरडायचे."

"मग आता पाय काप. परत बघू."

दुसऱ्या खेपेला शेजारचं कुत्रं भुंकलं.