खोळंबा

फळ्यावर ‘पुढच्या आवृत्तीत काय?’ असं लिहून नकाशेवाल्यानं मार्करचं टोपण दातात धरलं. त्यांच्या ऑनलाइन गेममधल्या नद्या-डोंगर तो काढायचा, नियमांची घडी त्याची सहकारी, ती, बसवायची, आणि एवढ्या दोघांच्या जिवावर पडद्यावर कितीतरी राज्यं सुखानं नांदत होती. जहाजांना शिडं, बाजाराला वेशी असं बरंच काही ठरलं. मग त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: प्रत्येक पाळीला घड्याळ.

एका डावात सगळे राजे ताटकळतात आणि ‘निवांत’ नावाचा खेळाडू एकेक कालवा खणायला जीव खातो, असं त्याचं म्हणणं. बरं, खणतो कुणासाठी, तर शेजारच्या राज्यांना पाणी मिळावं म्हणून! मागणी खेळाडूंतूनच आली होती. वेळ संपला की पाळी गेली.

तिनं मान डोलावली खरी, पण ते वहीत उतरवलं नाही. निवांत म्हणजे तिची आई. आजारपणात उजवा हात लुळा पडल्यापासून आई डाव्या हातानं माऊस ढकलत राज्य चालवत होती, आणि ते राज्य होतं म्हणूनच सकाळी उठून केस विंचरत होती. ऑफिसात यातलं अक्षर बोलायचं नाही, अशी तिनं लेकीला शपथ घातली होती.

घरी आल्यावर चपला काढता काढताच तिनं विषय काढला. हा नियम मी हाणून पाडते, असंही सांगून टाकलं.

“पाडू नकोस,” आई म्हणाली. “मागणी मीच पाठवलीये.”

“अगं, तुझीच पाळी जाईल.”

“जाऊ दे. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो. कुणी बोलत नाही, तेच मनाला लागतं गं. हा डाव संपला की मी थांबणार आहे.”

तिला आईचा रागही आला आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिनं घड्याळ बसवलं, अगदी काटेकोर. फक्त खाली आपल्या मनानं एक पुरवणी जोडली: ज्याचा वेळ उरेल त्याला तो दुसऱ्याला देता येईल. फुकट कोण कुणाला वेळ देतंय, असं म्हणून नकाशेवाला हसला. तिनं पुरवणी तशीच ठेवली.

नवी आवृत्ती आली त्या संध्याकाळी ती आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. पाळी आली. आईच्या माऊसचा बाण कालव्याच्या तोंडाशी थरथरला, चुकला, पुन्हा मागे आला. सेकंद भराभर उतरत होते. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

आकडा अडखळला आणि वर सरकला. पुन्हा सरकला. मग आणखी एकदा.

आईनं चष्मा कपाळावर चढवला.

“बिघडलंय तुझं घड्याळ. वेळ वाढतोय.”

“बिघडलं नाही. शेजारी देतायत. पाणी पितात ना तुझं.”

आईनं पदरानं डोळे टिपले आणि बाण पुन्हा कालव्यावर आणला.

“पुढच्या डावात वाळवंटाकडची जागा घेईन म्हणते,” ती म्हणाली. “तिकडे कुणी पाणी नेलेलंच नाही.”