बरोबरच्या खुणा

मार्केट यार्डात उत्तरेश्वरच्या काट्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. तो तिथला तोलणार. कांद्याच्या पोत्यामागे अर्धा किलो इकडचा तिकडे झाला, तर व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. मापाला असा पक्का माणूस रोज संध्याकाळी बिबवेवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत बसून पोटच्या पोरीला फसवायचा.

त्याचं असं झालं. हिंजवडीला कंपन्या आल्या, शेजारच्या हेमाताईंचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीला चिकटला, आणि उत्तरेश्वरनेही पोटाला चिमटा घेऊन चैतालीला इंग्रजी शाळेत घातलं. आता ती दुसरीत होती. रोज दहा शब्द पाठ करून लिहायचे आणि ते पालकांनी पुस्तकाशी ताडून खाली सही करायची, असा शाळेचा नियम. त्याची बायको शालन शाळेची पायरी चढलेली नव्हती. तो स्वतः मराठी सातवी पास. बोट ठेवून इंग्रजीचं एकेक अक्षर त्याला ओळखू यायचं, पण सबंध शब्द म्हटला की घाम फुटायचा. बोट ठेवून ताडता आलं असतं, नाही असं नाही. पण लेकीसमोर असं चाचपडायची लाज वाटे. म्हणून चष्मा लावून, 'हं, हं' करत तो दहाही शब्दांवर लाल पेनने बरोबरच्या खुणा करायचा आणि झोकात सही ठोकायचा.

पालकसभेला टीचरनी वही पुढे केली. "खुणा अगदी मोत्यासारख्या आहेत हो. शब्द तेवढे चुकलेत."

उत्तरेश्वरचे कान तापले.

"हिला विचारलं, तर म्हणते, पप्पांनी तपासल्यावर मीच बदलते. रोज वर्गाबाहेर उभी करते हिला, तरी तेच."

चैताली बाकाला टेकून, मान खाली घालून उभी होती. बाई, चूक माझी आहे, एवढंच उत्तरेश्वरला म्हणायचं होतं. पण मागे चार पालक बसलेले, कुणी बँकेतले, कुणी कॉम्प्युटरवाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि जीभ भलतंच बोलून गेली.

"घरीपण अशीच खोड्या करते हो. बघतो मी तिच्याकडे."

घरी येताना सायकलच्या दांडीवर पोर मार पडेल या भीतीने अंग चोरून बसली होती. ते पाहून उत्तरेश्वरला स्वतःचीच किळस आली. पोत्याचं वजन चुकलं तर भांडणारा तो, आणि आपलं पाप पोरीच्या माथी मारून आला होता.

संध्याकाळी तिने नेहमीसारखी वही पुढे केली. त्याने लाल पेन बाजूला सारलं.

"चैताली, मला हे वाचता येत नाही गं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधी मी एकदा मुद्दाम सगळे चुकीचे लिहिले होते. तुम्ही दहापैकी दहा दिलेत."

उत्तरेश्वरला मान वर करवेना. "मग टीचरना का नाही सांगितलंस?"

चैताली पेन्सिलीचं टोक चावत राहिली.

"त्यांनी तुम्हालापण बाहेर उभं केलं असतं ना."