डावीकडची जागा

हरिहरपंतांनी क्लच दाबला आणि ते वाट पाहत बसले. इंजिन घुरघुरत होतं, निरोप द्यायला शेजारच्या विमलाबाई फाटकाशी उभ्या होत्या, आणि गाडी काही जागची हलेना.

"काय झाला, वकीलसाहेब?" डावीकडे बसलेल्या काळुरामने विचारलं.

तेव्हा पंत भानावर आले. "पहिला गिअर टाकायचाय. तो दांडा तुमच्याकडे ओढा आणि पुढे लोटा."

"मी टाकू?"

"या गाडीत गिअर डावीकडचाच माणूस टाकतो, काळुरामशेठ."

हे खरं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी एका सकाळी पंतांच्या डाव्या हातातलं बळ गेलं ते गेलंच. हात शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबायला लागला. ठाण्याच्या कोर्टातले मित्र म्हणाले, आता गाडी विका. पंतांनी गाडी विकली नाही. बायकोला शेजारी बसवलं. उजव्या हातात चाक आणि पायाखाली क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर एवढं पंतांचं, आणि गिअरचा दांडा मंदाकिनीबाईंचा. ज्या बाईने जन्मात सायकलला हात लावला नव्हता तिने महिनाभरात तो दांडा असा काही वश केला की विचारू नका. तोंडाने बोलायची गरज उरली नाही. पंतांनी क्लच दाबायचा, की तिकडे गिअर पडलेलाच. लोक थक्क व्हायचे. पंत छाती फुगवून सांगायचे, "माहेरी पेटी शिकलीय. कान तयार आहे. इंजिनाचा सूर बदलला की हिला कळतं." मंदाकिनीबाई यावर नुसत्या हसायच्या.

चैत्रात त्या गेल्या. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. दादरला दिलेली मुलगी हेमा दर खेपेला म्हणायची, "बाबा, काढून टाका ना ती आता." पंत ऐकत नसत. पण संध्याकाळ झाली की घर खायला उठायचं, आणि ताडपत्रीकडे बघितलं की जास्तच. शेवटी शिळफाट्यापलीकडच्या मानपाड्याच्या काळुरामला त्यांनी हो म्हटलं. त्याचा जमिनीचा दावा पंतांनीच चालवला होता. काळुरामची अट एकच. "आमच्यान बैल घेतला तरी आदीचा धनी दोर धरून दारापावत येतो. गाडी तुमीच हाकत आनायची. माजी घरवाली ठमाबाई दारान ओवालंल, मंग गाडी आमची."

पंतांनी अट मान्य केली. मात्र मनात एक चोर शिरला होता. काळुरामच्या हाताने गिअर पडले, तर ते कोणाच्याही हाताने पडतील. मग एखादा माणूस पगारावर ठेवता येईल. मग सौदा मोडायचा, गाडी परत न्यायची आणि संध्याकाळी कुठेतरी जायचं. कुठेही. घरात बसायचं नाही.

कळव्याचा पूल येईपर्यंत गाडीच्या पोटात नुसता दळणाचा आवाज चालला होता. पुलावर एका टांग्याचं घोडं बिथरलं आणि टांगेवाल्याने दोघांचाही उद्धार केला.

"जोर लावू नका हो! नांगर नाही तो," पंत म्हणाले. "माझा पाय खाली गेला की दांडा आपणहून जातो. तुम्ही नुसतं त्याच्याबरोबर जायचं."

काळुराम घामाने निथळत होता, पण माणूस जिद्दीचा. कळवा मागे पडलं आणि त्याला जमायला लागलं. रेतीबंदराजवळ दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आवाजच झाला नाही. कडी सरकावी तसा गिअर बसला, इंजिनाची कुरकुर थांबली आणि गाडी हलकी होऊन धावू लागली. हा क्षण पंतांना सगळ्यात प्रिय. किती महिन्यांनी तो आला! ते चक्क गुणगुणायला लागले. मनातला चोर आता उजळ माथ्याने फिरत होता. माणूस ठेवायचा. ठरलं.

"ते बघा, ते बघा," सवयीने ते म्हणाले, "डावीकडे खाडीत किती पाखरं उतरलीत!"

काळुरामने मान वर केली नाही.

"बघितलीत का?"

"कशी बघू, साहेब? तुमच्या गुडघ्यावरशी नजर हालली का आतले दात खडखडतान. गुडघा पार खाली गेला का दांडा लोटायचा. गाडीन बसल्यापासून मी दुसरा कायच बघला नाय."

"आवाजावरून नाही कळत?"

"आवाजावरून कसा कलंल? पाय तलाला गेला का नाय, ते डोल्यांनीच बघाया लागते."

पंतांनी एकवार आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं.

खंडाळा, नाशिक, वज्रेश्वरी. किती हिंडले होते ते दोघं! आणि किती दाखवलं होतं त्यांनी! "मंदा, तो धबधबा बघ. मंदा, तो पळस बघ." "हो, छान आहे," ती म्हणायची. घरी आल्यावर पाहुण्यांसमोर ते विचारायचे, "धबधबा कुठे लागला गं?" तिला सांगता यायचं नाही. मग पंत मोठ्याने हसायचे. आमच्या हिला वाटेतलं काही म्हणजे काही आठवत नाही हो, डोळे मिटूनच गिअर टाकत असेल! पाहुणेही हसायचे. मंदाकिनीबाई चहाचे कप उचलून आत जायच्या. पंतांना आता स्वतःच्या त्या हसण्याची लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली.

मुंब्र्याचा चढ आला. त्यांनी क्लच दाबला, काळुरामने दुसरा टाकला, गाडी धापा टाकत वर चढली. पुढे सपाट रस्ता लागला. इंजिन बोंबलायला लागलं. काळुराम हात दांड्यावर आणि डोळे गुडघ्यावर ठेवून तयारीत बसला होता. गुडघा खाली येईना.

"साहेब, तिसरा?"

"नको."

"तापंल ना इंजिन."

"थोडं तापेल. काळुरामशेठ, गाडी तुमची झाली. तुमचा ड्रायव्हर दोन हातांचा आहे, तो नीट चालवील. या जागेवर मला आता कोणाला बसवायचं नाही. हात काढा तिथून आणि बाहेर बघा."

काळुरामला काही उमगलं नाही. पण वकीलसाहेबांचा शब्द म्हणून त्याने हात मांडीवर घेतला आणि जन्मापासून पाहिलेली शेतं तो पाहुण्यासारखा बघायला लागला. शिळफाट्यावर पंतांनी दुसऱ्यातच वळण घेतलं. मागून एस.टी. हॉर्न वाजवत आली. पंतांनी गाडी कडेला घेऊन तिला जाऊ दिलं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काय दिसनार, साहेब? पेंढ्यांच्या उडव्या हायत. बगले हायत."

"आणखी?"

काळुराम एकेक सांगत गेला, आणि मानपाडा येईपर्यंत पंत रस्त्यावरची नजर न काढता ऐकत राहिले.