गाडी विकायच्या दिवशी घेतलेला सेन्सर

आमचा शार्दूल हुशार आहे, पण आईशी बोलताना अक्कल ऑफिसात ठेवून येतो. नाश्ता करता करता म्हणाला, "आई, मुल्लानपूरचे गुरमेलसिंग चारला गाडी बघायला येतायत. पसंत पडली तर आजच देऊन टाकू."

"माझी गाडी?"

"इंजिनाचा पिवळा दिवा सारखा पेटलेला असतो. रस्त्यात कुठं अडकलीस म्हणजे?"

चहा तसाच टाकून उठले. हे गेल्यावर साताऱ्याहून शार्दूलकडे, चंदीगडजवळच्या झिरकपूरच्या या सातव्या मजल्यावर आले, तेव्हा दिवसदिवस नुसती गॅलरीत उभी असायचे. मग साठीला टेकलेली असताना गाडी शिकले. आता भाजीला जाते, चंदीगडात मैत्रिणींकडे जाते, कुणाला विचारावं लागत नाही. गाडी गेली की मी परत गॅलरीत! ते मला मुळीच नको होतं.

शार्दूलची पाठ वळताच गाडी नरेश मेकॅनिककडे घातली. त्यानं कॉम्प्युटर जोडून बघितलं. म्हणाला, "आंटीजी, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, म्हणून पेट्रोल जास्त पिते. बाकी गाडी एकदम फिट."

हात्तिच्या! एवढ्यासाठी गाडी विकायची? नरेशनं सेन्सर खोलला, कागदात गुंडाळून दिला. असाच नवा मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात मिळेल म्हणाला. मी रिक्षा पकडली.

"आगे वाला या पीछे वाला?" दुकानदारानं विचारलं. मी पुडी उघडून काउंटरवर ठेवली. त्यानं एक डबी काढली. दिसायला हुबेहूब. पण साडीवर ब्लाउजपीस जुळवण्यात माझी हयात गेलीय, मी अशी फसते होय! दोन्ही शेजारी धरले, तर नव्याची वायर वीतभर आखूड.

"चल जाएगा जी, जोड़ लगा लो."

"जोड अपनी गाडी को लगाओ!" म्हटलं आणि निघाले. पुढच्या दुकानांतही तीच कथा. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात वायर जुळली, प्लग जुळला, सगळं जुळलं! मी भर बाजारात टाळी वाजवली. दुकानदार चहा घ्या म्हणत होता, पण वेळ कुणाला होता!

नरेशनं सेन्सर बसवला, किल्ली फिरवली. दिवा विझला! अगं बाई, काय सांगू, अंगात वारंच शिरलं. सोसायटीत येऊन गाडीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, पुढ्यात नारळ फोडला. आमच्याकडची पद्धतच आहे.

तेवढ्यात शार्दूल गुरमेलसिंगांना घेऊन आला. त्यांनी हळदकुंकू बघितलं आणि हातच जोडले. "वाह माताजी! पूजा करके दे रहे हो? ऐसी गड्डी नसीब से मिलती है!" इंजिनाचा आवाज ऐकून तर चक्कर मारायच्या आधीच म्हणाले, "पक्का. ले ली."

घ्या! मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. शार्दूल खूश होऊन हसत होता. "पहले चक्कर तो मारो," म्हणत मी स्टिअरिंगवर बसले. गुरमेलसिंग शेजारी बसले, शार्दूल मागं. एअरपोर्ट रोडला लागल्यावर गाडी कडेला घेतली.

"शार्दूल, दिवा विझलाय. आता खरं कारण सांग."

तो मागून पुढं वाकला. मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं. बाबा गेले. तू या ट्रकांमधून एकटी जातेस, तेव्हा मी ऑफिसात नुसता फोनकडे बघत बसतो."

माझा सगळा राग उतरला. "मग विचारायचं नाहीस का? आजवर एकदा तरी माझ्या शेजारी बसलायस?"

गुरमेलसिंगांना मराठी कळत नव्हतं. ते एसीची बटणं बघत होते. शार्दूल खाली उतरला, त्यांची बाजू उघडून म्हणाला, "सॉरी जी, गाडी नहीं देनी. आप पीछे बैठिए, घर तक छोड़ देते हैं."

माझ्या शेजारी बसून त्यानं पट्टा लावला. खिडकीवरची कडी अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"चल," म्हणाला.

मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि दोन ट्रकांच्या मधून गाडी मुल्लानपूरच्या दिशेनं काढली.