खिडकीतला कप

नोम्साचं हसणं तिच्या आधी जिना चढून यायचं. फ्रँकफर्टच्या हिवाळ्यात, दुपारीच उजेड विझून भिंती शिशासारख्या जड होत असताना, ते तळमजल्यावरून कवडशासारखं वर सरकत आमच्या दाराशी थांबायचं. इस्पितळात परिचारिका असलेली ही आमची शेजारीण मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोची. बोलताना तिचे हात असे संथ फिरत, जणू हवेतली एखादी सुरकुती ती तळव्याने मोडते आहे.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं उलटली होती. कंपनीच्या कामाला जोहान्सबर्गला निघालो तेव्हा "आमची वस्ती बघून या," एवढंच ती म्हणाली. गेलो. लाल धुळीतली काडेपेट्यांसारखी घरं पाहिली, वर्णभेदाच्या काळात पोलिसांनी शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या त्या रस्त्याने चाललो, संग्रहालयात 'फक्त गोऱ्यांसाठी' लिहिलेल्या बाकासमोर रडलोसुद्धा. परतल्यावर आमच्या स्वयंपाकघरात तिला हे सगळं सद्गदित स्वरात सांगत मी रांगेतल्या एका पांढऱ्या कपात चहा ओतायला घेतला, तेवढ्यात पुण्याहून आलेल्या सासूबाई मराठीत म्हणाल्या, "जावईबापू, त्यातला नको हो. तिचा खिडकीतला आहे ना."

"आजी काय म्हणाल्या?" नोम्साने जर्मनमध्ये विचारलं.

"साखर कमी घाला म्हणतात," मी म्हणालो, आणि खिडकीतला कप घेतला.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हसली. "आल्झो, म्हणजे बघा, आमच्याकडे निदान पाटी तरी लावायचे."

चहा तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप स्वतः विसळला, आमच्या पांढऱ्या कपांच्या रांगेत मधोमध ठेवला आणि गेली.

आता खरं सांगतो. सासूबाई तोवर देवापाशी बसल्या होत्या, बायको बाहेर गेली होती. मला अडवणारं वा सांगणारं कुणीच नव्हतं. तरी मीच तो ओला कप दोन बोटांच्या चिमटीत धरून पुन्हा खिडकीत ठेवला, मेलेलं पाखरू उचलावं तसा, आणि नंतर बोटं साबणाने धुतली. सासूबाईंचं निमित्त मी आजवर किती सोयीने वापरलं! घाण माझ्यातच होती, शिकलेली, सद्गदित होणारी, संग्रहालयात रडणारी.

वसंतात नोम्सा लुडविग्सहाफेनला राहायला गेली. निरोपाला वर आली नाही. गेलेल्या माणसाची आठवण काळाबरोबर निवळत जाते म्हणतात. नोम्साची येते तेव्हा त्या आठवणीत ती कुठेच नसते. मी असतो, नळ वाहत असतो, आणि बोटं अजून धुऊन झालेली नसतात.