सात-वीसची बस

गुन्हे शोध पथकात येऊन तिला जेमतेम अठरा दिवस झाले होते. पथकाने तिचं बारसंही उरकून टाकलं होतं: 'नवी'. तिला शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना सगळे काका म्हणत. पहिल्याच दिवशी काकांनी तिला बजावलं होतं, "मला साहेब म्हणालीस तर बघ. साहेब वर बसतात, पंख्याखाली."

नवीची धाकटी बहीण जपानी शिकत होती. त्या निमित्ताने दोघी घरी एक जपानी व्हिडिओ गेम खेळत. त्यात तीन शिकाऊ डिटेक्टिव्ह गावभर दारोदार चौकशा करत हिंडतात. बटण दाबलं की समोरचा माणूस बोलतो. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच वाक्य, काना-मात्रेचाही फरक नाही. त्यातल्या बेकरीवाल्या बाईची नक्कल धाकटी अशी काही करायची की नवी हसून हसून बेजार व्हायची.

त्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात आली. तिच्या धाकट्या बहिणीचा फोन चार दिवस लागत नव्हता. मेव्हणा सांगत होता, ती मैत्रिणीकडे गेली आहे. मैत्रीण म्हणत होती, ती आलेलीच नाही.

मेव्हण्याचा कुलपं-किल्ल्यांचा धंदा होता. खाली दुकान, वर घर. तक्रार घेऊन आलेली बहीण खाली गाडीपाशीच थांबली. त्याने काकांना आणि नवीला आदराने आत बसवलं. घरातल्या प्रत्येक दाराला कुलूप होतं, पण कुलूपवाल्याच्या घरात कुलपं नसतील तर काय असेल? भिंतभर खिळ्यांना किल्ल्यांचे जुडगे टांगलेले होते.

"तू विचार, मी बाहेरच्या दोघा शिपायांना घेऊन शेजाऱ्यांशी बोलून येतो," म्हणून काका उठले. ते बाहेर पडताच त्याने दार लावलं आणि किल्ली फिरवली.

"सवय हो," तो म्हणाला.

"बायको कधी गेली?"

"मंगळवारी सात-वीसच्या बसने गेली, निळी बॅग घेऊन, जाताना म्हणाली झाडांना पाणी घाल." आणि तो बारीकसा हसला.

नवीने लिहून घेतलं. दोन इकडचे-तिकडचे प्रश्न विचारून ती परत तिथेच आली. "म्हणजे मंगळवारीच ना?"

"मंगळवारी सात-वीसच्या बसने गेली, निळी बॅग घेऊन, जाताना म्हणाली झाडांना पाणी घाल." तसाच हसला.

नवीचं पेन थबकलं. माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो तेव्हा काहीतरी सांडतं, काहीतरी नव्याने भरतं. तिने खाली मानेनेच विचारलं, "बॅगेचा रंग काय म्हणालात?"

"मंगळवारी सात-वीसच्या बसने गेली, निळी बॅग घेऊन..."

खिडकीतल्या कुंड्यांकडे तिची नजर गेली. माती तडकली होती. तिने नजर चटकन मागे घेतली, पण त्याने ती पाहिली होती.

"तुम्ही नव्या दिसता," तो म्हणाला.

"हो ना. चुकलं तर ओरडा खाते." काहीतरी बोलत राहायला हवं. "आमच्या घरचं कुलूप हल्ली अडकतं. तेल घालू का?"

"तेल? अजिबात नको!" तो एकदम मोकळा झाला. धूळ, स्प्रिंगा, लोकांचा अडाणीपणा, वाक्यामागून वाक्य, एकही दुसऱ्यासारखं नाही. ती मान डोलवत राहिली.

तेवढ्यात भिंतीमागे कोणीतरी ठोकलं. टक. टक. अगदी क्षीण.

तो बोलता बोलता थांबला.

"पाइप," तो म्हणाला.

"आमच्याकडेही वाजतात," नवी म्हणाली.

त्याने टेबलावरची किल्ल्या घासायची लांब कानस उचलली आणि मांडीवर आडवी ठेवली.

दारावर थाप पडली. "काय गं, आटपलं का?" काकांचा आवाज.

"आटपलं म्हणून सांगा," तो हळूच म्हणाला.

"हो साहेब!" नवी ओरडली. "आलेच, साहेब!"

मग काका म्हणाले, "बरं. मी खाली गाडीत बसतो." आणि त्यांची पावलं धपधप जिना उतरून गेली.

त्यांना कळलंच नाही! तो कानस हातात घेऊन उभा राहिला. तिच्या वहीकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं. ही मठ्ठ पोरगी निघून गेली तर आपण सुटलो, असा हिशेब त्याने केला असावा. त्याने किल्ली फिरवली.

दार बोटभर उघडतंय तोच काकांचा खांदा आत घुसला. मागून दोन शिपाई. कानस खण्णकन फरशीवर पडली.

"पावलं शिपायाची होती," काका धापा टाकत म्हणाले. "याचं कुलूप मला थोडंच फुटणार होतं? उघडलं तर यानेच."

नवीने तोवर किल्ल्यांच्या भिंतीलगतचं कपाट बाजूला ओढायला घेतलं होतं. मागे बुटकं लोखंडी दार निघालं, त्याला तीन कुलपं. किल्ल्या कुठल्या, ते तो सांगेना. भिंतीवर चारशे तरी असतील. नवी एकेक लावू लागली, एकही बसेना. आतली टकटक आता थांबली होती.

"ताई आल्या आहेत तुमच्या!" ती दाराला तोंड लावून ओरडली. "खाली उभ्या आहेत! ऐकताय ना? ठोका!"

काहीच नाही. मग, किती वेळाने कोण जाणे, एक टक.

शेवटी शिपायाने पहार घालून कड्याच उपटल्या. आत दिवा नव्हता. कोपऱ्यातली बाई उजेडाने डोळे झाकत सरपटत आली आणि तिने नवीचं मनगट धरलं, ते हॉस्पिटलपर्यंत सोडलंच नाही. ओठ फुटले होते, आवाज फुटत नव्हता.

वॉर्डात नर्स दार लावायला गेली तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. "लावू नका."

थोरली बहीण उशाशी बसली. नवीने खुर्ची ओढून उंबऱ्यातच मांडली, दाराला पाठ टेकली. मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते.