लोहराजाचे तीनशे प्राण

लोहराजाचा घाव सलग तिसऱ्यांदा हुकला, तेव्हा वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रविवारचा खेळ मांडलेला होता. खेळ चालवायचा तिचा दीर. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस रविवारी दुपारी राक्षस, राजे आणि दऱ्याखोऱ्या घेऊन बसे. त्याच्यापुढे बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा असे. शत्रूचा वीस पैलूंचा फासा तो पुठ्ठ्याआड टाकी आणि काय झालं ते सांगे. बाकीच्यांनी आपापले फासे उघड्यावर टाकायचे. साडेतीन वर्षं हीच रीत होती आणि कोणाला तिच्यात वावगं वाटलं नव्हतं.

खेळणारे तिघं. नणंद जादूगारीण. तिच्या शेजारी दिराचा मित्र किल्लीवाला. दिवसभर लोकांची कुलपं उघडून विटलेला हा गडी खेळात मात्र वैद्य झाला होता. आणि वहिनी, हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालणारी, इथे ढालकरीण.

आज जखमींची गाडी नेताना तिघांना लोहराजाने पुलापाशी गाठलं होतं. याच्याशी लढायचं नाही, पळायचं, हे दिराने परोपरीने सुचवलं होतं. वाटेत वितळलेल्या तलवारींचा ढीग दाखवला, शरण गेलेली अख्खी फौज दाखवली. तिघांनी सगळं कानामागे टाकलं. "दादाने समोर उभा केलाय म्हणजे मरणारच की," असं नणंद म्हणाली आणि तिघं तुटून पडले.

"भावजी," वहिनी म्हणाली, "फासा गडगडतच होता. थांबायच्या आत कसं कळलं हुकला म्हणून?"

"अंदाज असतो हो, वहिनी." दिराने फासा मुठीत घेतला.

"मला नका सांगू. हात लावायच्या आत 'दुखत नाही' म्हणणारे रोज येतात माझ्याकडे. नेमकं त्यांचंच हाड मोडलेलं असतं. किती पडलं होतं?"

"पाहिलंच नाही," दीर पुटपुटला.

वहिनीने हात लांब करून पुठ्ठा उचलला. मागे दिराच्या अक्षरात कागद होता: लोहराजा, प्राण तीनशे. अकरा किंवा वर पडल्यास घाव बसतो. एका घावात चाळीस प्राण जातात. ढालकरणीकडे होते सदतीस.

"तीनशे!" किल्लीवाला ओरडला. "अरे, तासभर घाम गाळून आपण आठ कमी केलेत! हा पुढच्या जन्मी मरेल!"

"म्हणूनच पळा म्हणत होतो ना! तुम्ही ऐकाल तर शपथ. मग काय करू, वहिनींना मारू?"

"आणि ती अजगराची गुहा?" वहिनीने विचारलं. "तिथेही असंच?"

दीर कागद सारखे करू लागला.

"भावजी."

"दोनदाच. बरं... चारदा."

अजगराच्या गुहेतून एकटी जिवंत बाहेर आल्याचं वहिनीने दवाखान्यात आठवडाभर सांगितलं होतं. पण ती जिंकली नव्हती. लहान पोराशी शर्यत लावून मोठ्यांनी मुद्दाम हरावं, तसं तिला जिंकवलं होतं.

"तुमचं मन मोडू नये म्हणून हो," दीर म्हणाला.

"मनाचं मी बघून घेईन." पुठ्ठ्याची घडी करून ती त्यावरच बसली. "वन्सं, किल्लीवाले, तुम्ही गाडी घेऊन पूल ओलांडा. किती डाव लागतील?"

"दोन," नणंद म्हणाली. "आणि तू?"

"मी इथेच. भावजी, तो घाव परत टाका. सगळ्यांसमोर."

दिराने टाकला. सहा.

"हुकला! खराखुरा हुकला!" नणंद टेबलावर चढायचीच बाकी होती. वहिनीने उलटा वार केला. अकरा प्राण गेले. लोहराजाला त्याचं काय!

"आता ढाल टाका आणि पळा," दीर घाईने म्हणाला. "नियमात बसतं."

"मी पळाले तर तो गाडीमागे जाणार का?"

दिराने नियम पाहिला. "जाणार."

"मग पळतेय कशाला? टाका."

"साडेतीन वर्षांची ढालकरीण आहे हो ती!"

"म्हणूनच. तिला खोटं खोटं जगवू नका. टाका म्हणते ना!"

फासा गडगडला, दिराच्या कपाला आपटला आणि थांबला. सतरा.

गाडी पलीकडे पोचली होती. नणंदेने न सांगता पुलाचे दोर तोडले.

"समजा, ढालीने चार-पाच प्राण वाचवले..." दीर चाचरत म्हणाला.

"काही समजायचं नाही." वहिनीने आपल्या कागदावरचे सदतीस खोडून शून्य लिहिलं. मग तिने ते पुन्हा गिरवलं. "त्याचे किती उरले?"

"कोणाचे?"

"राजाचे."

"दोनशे एक्क्याऐंशी."

"लिहा. पेन्सिलीने नको, पेनने. मी दुसरं कोणीतरी होऊन येईन, पण येणार त्याच्यासाठीच. आणि तोवर त्याला पुन्हा तीनशेवर नेलंत ना, भावजी, तर गाठ माझ्याशी आहे."